पाटी मोजली, गल्ला कोण मोजणार?

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या काटेवाडीत आर्थिक गणनेचा प्रगणक येतो, तेव्हा पंक्चरचे दुकान, चहाची टपरी, शिलाई मशीन हे सारे 'उद्योग' म्हणून नोंदले जाते. मालकाचा सामाजिक गटही लिहिला जातो. या नोंदी सांगतात काय?

लक्ष्मी अय्यर, तरुण खन्ना व आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकांनी १९९०, १९९८ आणि २००५ च्या गणना तपासून २०१३ साली निष्कर्ष मांडले. २००५ मध्ये देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती १६.४ टक्के, मालकीचे उद्योग मात्र ९.८ टक्के आणि त्यांत राबणारे हात अवघे ८.१ टक्के! म्हणजे आमची दुकाने कमी तर आहेतच, शिवाय लहानही आहेत. शिक्षण व मालमत्तेतील फरकानेही ही दरी उलगडत नाही, असे हे अभ्यासक सांगतात. मग उरते ती जातच, असे आम्ही म्हणतो.

बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींवरील निबंधात बजावले होते की, शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्याला भांडवल व श्रमाची जोड किती, यावर ठरते. टपरीलाही हाच न्याय लागू आहे. जागा दिली, पण खेळते भांडवल आणि गिऱ्हाईक नाही, तर टपरी टपरीच राहणार.

केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघुउद्योगांकडून ४ टक्के खरेदीची तरतूद आहे. बांधवांनो, हा हक्क मागायचा तर उद्योगाची नोंदणी हवी, हिशेबाची वही हवी. आपला आकडा आपल्या हाती नसेल, तर दुसरे सांगतील तोच खरा ठरेल!