चर्चच्या तळघरात ‘द इन्क्रेडिबल्स’

व्हीटन, इलिनॉय

इथल्या ख्रिस्ती घरांत मुलांना सिनेमा दाखवायचा म्हटलं की आधी, स्थळाची करावी तशी, त्याची चौकशी होते. कोलोराडो स्प्रिंग्जमधल्या ‘फोकस ऑन द फॅमिली’ या संस्थेचं ‘प्लग्ड इन’ नावाचं परीक्षण त्यासाठी घरोघरी वाचलं जातं. चांगलं काय आहे, श्रद्धेविषयी काय म्हटलंय, मारामारी किती, शिव्या किती, दारू-सिगारेट दिसते का, अशा ठरावीक मथळ्यांखाली प्रत्येक चित्रपटाची झडती घेतलेली असते. ती वाचून आईबाप ठरवतात.

माझ्या गावच्या, सदलग्याच्या वाचकाला प्रश्न पडेल की हे काम सेन्सॉर बोर्डाचं, आईबापांनी का करायचं? कारण इथे सरकारचं सेन्सॉर बोर्ड नाही. 1952 साली आपल्याकडे सिनेमॅटोग्राफ कायदा झाला आणि चित्रपटाला सरकारी प्रमाणपत्राची सक्ती कायम राहिली. त्याच वर्षी इथल्या सर्वोच्च न्यायालयाने रोझेलिनीच्या ‘द मिरॅकल’ या इटालियन चित्रपटाच्या खटल्यात उलटा निकाल दिला: चित्रपट हेही भाषण आहे आणि त्याला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण आहे. तो चित्रपट धर्माची विटंबना करतो म्हणून कॅथलिक मंडळींनी न्यूयॉर्कमध्ये रान उठवलं होतं. त्याआधी, 1930च्या दशकात, हॉलिवूडने स्वतःसाठी जी आचारसंहिता केली तिच्या लेखनातही एका कॅथलिक पाद्र्याचा हात होता. 1968 मध्ये ती संहिता जाऊन श्रेणी आल्या. त्याही चित्रपट-व्यवसायच देतो, सरकार नाही. म्हणजे बंदी घालणारं कुणी उरलं नाही, आणि पारखून घेण्याची जबाबदारी आपसूक घरावर आणि चर्चवर आली.

मी राहते ते व्हीटन शिकागोच्या पश्चिमेला आहे. 1860 साली स्थापन झालेलं इथलं ख्रिस्ती कॉलेज देशभर प्रसिद्ध. प्रसिद्ध धर्मोपदेशक बिली ग्रॅहम इथलेच विद्यार्थी. शेजारच्या कॅरल स्ट्रीममध्ये बायबल छापणारी मोठी प्रकाशनसंस्था आहे. अशा गावात शेजारणीने चर्चच्या कौटुंबिक चित्रपट-संध्येला बोलावलं, तेव्हा मी लेकाला घेऊन गेले. आपल्या भागात ख्रिस्ती म्हटलं की वॉन्लेस डॉक्टरांनी 1894 साली सुरू केलेलं मिरजेचं मिशन हॉस्पिटल आठवतं, त्यापलीकडे आपली ओळख फारशी जात नाही. इथे मात्र त्यांच्या पंगतीला बसून त्यांचं बोलणं ऐकता आलं.

चित्रपट होता ब्रॅड बर्डचा, पिक्सारने 2004 मध्ये काढलेला ‘द इन्क्रेडिबल्स’. पिक्सारचे त्याआधीचे पाचही चित्रपट सरसकट सर्वांसाठी होते; पालकांच्या मार्गदर्शनाची सूचना देणारी ‘पीजी’ श्रेणी मिळालेला हा त्यांचा पहिलाच. गोष्ट अशी: अचाट ताकदीच्या नायकांवर लोक खटले भरतात. जीव द्यायला निघालेल्या एकाला वाचवलं, तर तोच वाचवल्याबद्दल भरपाई मागतो! शेवटी सरकार सगळ्या नायकांना साधी माणसं म्हणून लपून राहायला लावतं. बॉब पार विमा कंपनीत कारकुनी करतो. बायको हेलन रबरासारखी ताणली जाते, मुलगी व्हायोलेट अदृश्य होते, मुलगा डॅश वाऱ्यासारखा पळतो, आणि हे सगळं शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपवायचं.

चित्रपटात प्रार्थना नाही, बायबल नाही. सुरुवातीचं लग्न तेवढं चर्चमध्ये लागतं. तरी चित्रपट संपल्यावर जो कागद वाटला त्यावर वचनांचे क्रमांक होते आणि प्रश्न होते. पहिला प्रश्न मत्तयच्या शुभवर्तमानातल्या 25 व्या अध्यायावर. धनी परगावी जाताना चाकरांकडे आपली संपत्ती सोपवतो. दोघे ती वाढवतात, तिसरा भीतीने जमिनीत पुरतो आणि धन्याचा रोष ओढवून घेतो. हा दाखला इथल्या पोरांना पाठ असतो. मग पार कुटुंबाने आपली देणगी पुरून ठेवली ती चूक कुणाची? त्यांची, की पुरायला लावणाऱ्या समाजाची?

यावर मोठी माणसं बोलली त्यात एक बाई इस्पितळाच्या बिलांचं काम करणारी होती. तिने बॉबच्या ऑफिसातलं दृश्य काढलं. दावा नाकारला गेलेली म्हातारी रडवेली होऊन समोर बसते आणि बॉब हळू आवाजात तिला सांगतो की कुठला अर्ज कुठे दे, कुणाला गाठ. पुढे साहेब त्याची खरडपट्टी काढत असताना खिडकीबाहेर एकाला लुटताना बॉबला दिसतं, आणि साहेब नोकरीची धमकी देऊन त्याला जागेवरून हलू देत नाही. त्या बाईचं म्हणणं, की बॉबची देणगी मुळी पुरलेली नव्हतीच. त्या टेबलावर तो ती रोज वापरत होता, फक्त टाळ्या मिळत नव्हत्या. मला हे फार पटलं. अमेरिकेत पुष्कळांचा आरोग्यविमा नोकरीला बांधलेला असतो, दावा नाकारला गेला तर घर विकायची पाळी येऊ शकते. असा कारकून इथे खरोखर कुणाचा तारणहार ठरू शकतो. टाळ्यांची भूक लागल्यावरच बॉब घसरतो. नोकरी गेल्याचं बायकोपासून लपवतो, एका बेटावरचं चोरटं काम धरतो, नव्या गाड्या आणतो.

पोरांचं भांडण जुंपलं ते शेवटावरून. डॅशला अखेर शाळेच्या शर्यतीत पळायची परवानगी मिळते, पण आईबाप कडेला उभे राहून त्याला मुद्दाम दुसरा यायला लावतात. एका मुलीने उठून सांगितलं की हे खोटं आहे, आणि खोटं बोलू नये असं याच खोलीत शिकवतात. दुसरा म्हणाला, बाकीच्यांना हरवणं हा देणगीचा उपयोगच नाही. पाद्रीबुवांनी दोघांना बोलू दिलं, निवाडा दिला नाही. हे मला आवडलं. शिव्यांची मोजदाद करणारी परीक्षणं मला कोरडी वाटतात. मूल चित्रपटाशी भांडायला शिकतं ते अशा खोलीत.

आता मी जिथून येते तिथलं बोलते. सदलग्यात जैन घरात वाढलेल्या पोरीला पराक्रमाची पहिली गोष्ट ऐकायला मिळते ती बाहुबलीची. कुंभोजच्या डोंगराशी 28 फुटी मूर्तीपुढे उभं करून मोठी माणसं सांगतात: भरत आणि बाहुबली या भावांनी सैन्य न लढवता आपसांत दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध केलं, तिन्हींत बाहुबली जिंकला, आणि जिंकल्याच्या क्षणी राज्य सोडून तपाला गेला. काही कथांत तर भावावर उगारलेली मूठच त्याने वळवली आणि त्याच हाताने स्वतःचे केस उपटले. शिवाय आमच्या गावाने एक कुटुंब प्रत्यक्ष पाहिलंय. 1946 साली सदलग्यात जन्मलेले आचार्य विद्यासागर महाराज 1968 मध्ये अजमेरला मुनी झाले, मागोमाग त्यांचे आईवडील आणि भावंडंही त्या वाटेने गेली. 2024 साली महाराजांनी डोंगरगडला समाधी घेतली. शक्ती म्हणजे सोडता येणं, हे आम्हाला गल्लीतच दिसलं.

म्हणून मला त्या चित्रपटातलं एक दृश्य सगळ्यांत मोठं वाटतं. बॉब जखडलेला आहे. बायकापोरांचं विमान पाडलं गेलं, ती मेली, असं त्याला कळलंय. तो झेपावतो खलनायक सिंड्रोमवर, पण हाती सापडते त्याची साथीदार मिराज. तिचा सडपातळ देह त्या राक्षसी हातांत आहे, नुसतं आवळलं की संपली. सिंड्रोम बेफिकीर उभा राहून म्हणतो, मार. बॉबचा चेहरा दुःखाने पिळवटलेला. आणि बोटं सैल पडतात, ती खाली कोसळते. सिंड्रोम याला दुबळेपणा समजतो. मिराजला मात्र त्यातली ताकद दिसते; पुढे तीच येऊन बॉबला सोडवते. त्या खोलीत या दृश्याला पौलाच्या पत्राचा आधार दिला गेला, अशक्तपणातच सामर्थ्य पूर्ण होतं या अर्थाचा. मी बाहुबलीची मूठ सांगितली. अनेकांना ही कथा नवी होती, जवळच बार्टलेटमध्ये मोठं जैन मंदिर असूनही.

मग मी माझी अडचणही मांडली. शेवटी सिंड्रोम विमानाच्या इंजिनात ओढला जाऊन मरतो आणि पोरं टाळ्या पिटतात. हात सैल सोडणाऱ्याच्या गोष्टीत हा मृत्यू आनंदाचा कसा? काहींनी सांगितलं, तो पार कुटुंबाच्या बाळाला पळवून नेत होता, हे रक्षण आहे. एक मेनोनाइट बाई माझ्या बाजूने बोलली. मेनोनाइट हा इथला जुना पंथ. शत्रूवर प्रेम करा ही येशूची आज्ञा ते शब्दशः धरतात आणि सैन्यात जात नाहीत. बायबल एक, पण तिचं आणि सैन्यातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्याचं या प्रश्नावर जमत नाही. अमेरिकेतले ख्रिस्ती सगळे एका माळेचे मणी आहेत अशी आपल्याकडे समजूत असते. ती त्या संध्याकाळी टिकली नसती.

पडदा आणि श्रद्धा यांचं नातं मराठी माणसाला नवं नाही. फाळक्यांनी 1910-11च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर दिसावेत असं त्यांना वाटलं. त्यातून 1913चा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. कोल्हापुरात जन्मलेल्या ‘प्रभात’ने पुढे ‘संत तुकाराम’ काढला. पण आपण पडद्यावरच्या देवाला हात जोडतो आणि घरी येतो. ही माणसं देवाचा मागमूस नसलेल्या चित्रपटात देव शोधतात, आणि तेही मुलांना शेजारी बसवून. हे आपणही करायला हवं.

‘हम हैं लाजवाब’ या नावाने हा चित्रपट हिंदीत आला होता. बापाला शाहरुख खानचा आवाज आहे, मुलाला आर्यनचा. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना दाखवा, मिराजच्या दृश्यापाशी थांबवा आणि विचारा: याने का सोडलं तिला? तुम्ही जैन असा, लिंगायत असा, मराठा किंवा ख्रिस्ती असा, मुलं काय म्हणाली ते मला जरूर लिहून पाठवा. पुढच्या बैठकीत इथे सांगायचं आहे.