पाय मुरगळला? आधी चोळू नका!

न्हाणीघरातली ओली फरशी, अंधारात चुकलेली पायरी, नाही तर निऱ्यांत अडकलेलं पाऊल – पाय मुरगळायला एवढं निमित्त पुरतं. लगेच घरात हुकूम सुटतो, "आण गं तेल, जरा चोळून देते!" सांगणं मायेचं, पण नेमकं हेच करायचं नसतं. घोट्याची हाडं एकमेकांना धरून ठेवणारे बंध ताणले किंवा फाटले, की आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि सूज चढते. चोळल्यानं, शेकल्यानं ती आणखी वाढते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस मालिश नको, शेक नको आणि आंबेहळदीचा गरमागरम लेपही नको.

मग करायचं काय?

आधी त्या पायातली जोडवी आणि पैंजण काढा. सूज चढली की जोडवं बोटात रुतून बसतं आणि कापून काढायची वेळ येते. इथं शकुन-अपशकुन आड आणू नका. बर्फाचे खडे पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. दर दोन-तीन तासांनी पुन्हा. नुसता बर्फ कातडीवर नको. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळत न्या, पण बोटं उघडी राहू द्या. बोटं गार पडली, निळसर झाली किंवा त्यांना मुंग्या आल्या, तर पट्टी सैल करा. आडवं पडून पाय उशांवर उंच ठेवा.

खरचटलं असेल तर ती जागा वाहत्या पाण्यानं धुवा. जखमेत माती गेली असेल आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील, तर डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 साली एक सोपी कसोटी मांडली. ती आज जगभर वापरतात. दुखऱ्या पायावर, लंगडत का होईना, चार पावलंही टाकता येत नसतील, घोट्याच्या हाडाची मागची कड किंवा टोक दाबल्यावर कळ येत असेल, अथवा पावलाच्या बाहेरच्या कडेचं मधलं हाड दुखत असेल, तर एक्स-रे काढायला हवा. पाय वेडावाकडा दिसला, बधिर किंवा गार पडला, तर तासभरही थांबू नका. पुढं काही दिवसांनी पोटरी सुजून दुखू लागली, तरी त्याच दिवशी दाखवा. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्यातच धाप लागली, तर थेट इस्पितळ गाठा.

मधुमेह असेल तर पावलांची संवेदना कमी झालेली असते आणि उतारवयात हाडं ठिसूळ होतात. अशांनी कसोटीवर न विसंबता लवकर दाखवावं. मधुमेह्यांनी बर्फ आणि घट्ट पट्टीही विचारूनच वापरावी.

दोन-तीन दिवसांनी सूज उतरू लागली, की बसल्या बसल्या अंगठ्यानं हवेत बाराखडी गिरवा. घोटा मोकळा होतो. आणि मैत्रिणींनो, "एवढ्या पोळ्या लाटून घेते, मग बघू" हे मात्र नको. पोळ्या एक दिवस दुसरं कुणीही लाटील. मोडक्या हाडावर उभं राहून हाड सरकलं, तर दुखणं महिनोन् महिने तुम्हालाच काढावं लागेल.