पुनःस्थापक न्याय

पुनःस्थापक न्याय : गुन्हा हा केवळ राज्याच्या कायद्याचा भंग नसून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस पोहोचविलेली इजा होय, असे मानून त्या इजेच्या परिमार्जनावर भर देणारी न्यायकल्पना. दंडप्रधान पद्धतीत कोणता नियम मोडला, तो कोणी मोडला व त्यास कोणती शिक्षा द्यावी, हे प्रश्न प्रमुख असतात. पुनःस्थापक न्यायात इजा कोणास झाली, त्याच्या गरजा कोणत्या आणि त्या भागविण्याचे दायित्व कोणाचे, हे प्रश्न अग्रक्रमाने विचारले जातात. अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ हॉवर्ड झेर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या कल्पनेची सुसूत्र मांडणी केली.

पीडिताच्या गरजा : फौजदारी खटला राज्य विरुद्ध आरोपी असा चालत असल्याने पीडिताचे स्थान बहुधा साक्षीदारापुरतेच उरते. वास्तविक त्याची पहिली गरज सुरक्षिततेची व वैद्यकीय उपचारांची असते. त्यानंतर माहितीची गरज येते : तपास कोठवर आला, आरोपीस जामीन मिळाला काय, हे त्यास कळावयास हवे. आपल्यावरच ही आपत्ती का ओढवली, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा केवळ गुन्हेगारच देऊ शकतो. आपली हकीकत स्वतःच्या शब्दांत सांगता येणे, अन्याय झाला हे इतरांनी मान्य करणे आणि झालेल्या हानीची भरपाई मिळणे, याही त्याच्या गरजा होत. भरपाईची रक्कम कित्येकदा अल्प असते. तथापि अपराध्याने दायित्व स्वीकारल्याची खूण म्हणून तिला महत्त्व असते.

उगम व पद्धती : कॅनडातील ओंटॅरिओ प्रांतात १९७४ साली मालमत्तेची नासधूस करणाऱ्या दोन तरुणांना परिवीक्षा अधिकाऱ्याने पीडितांच्या घरोघर नेले व त्यांची भेट घडवून नुकसानभरपाई ठरविली. आधुनिक पीडित-अपराधी समेटाचा आरंभ या घटनेपासून मानतात. नॉर्वेजियन विचारवंत निल्स क्रिस्टी यांनी १९७७ मध्ये, राज्य व वकीलवर्ग हे तंटा त्याच्या मूळ धन्यांपासून हिरावून घेतात, असे प्रतिपादन केले. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने बालगुन्हेगारांसाठी कुटुंबसभेची पद्धत रूढ केली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ मध्ये पीडितांसाठी न्यायाच्या मूलतत्त्वांचा जाहीरनामा संमत केला.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : मराठेशाहीत गावचे पाटील, कुलकर्णी, मिरासदार व बलुतेदार गोतसभेत बसून तंटे निवडीत आणि निर्णयाचा महजर करीत. न्याय गावात व सर्वांसमक्ष होई, ही तिची जमेची बाजू होती. तथापि हरलेल्याकडून गुन्हेगारी व जिंकलेल्याकडून हरकी सरकारात जमा होई आणि जातीची उतरंड निवाड्यातही टिकून राही. म्हणून या संस्थेस पुनःस्थापक न्यायाचे पूर्वरूप म्हणताना सावधगिरी हवी. जातपंचायतींच्या बहिष्कारास तर हे नाव मुळीच देता येणार नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने केलेला २०१६ चा कायदा २०१७ मध्ये अंमलात आला. तंटे सामोपचाराने मिटविण्यासाठी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली.

मुळशीचा दाखला : पुणे जिल्ह्यातील मुळशी खोऱ्यात टाटा कंपनीच्या धरणासाठी जमिनी घेण्यात येऊ लागल्या, तेव्हा १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. सेनापती बापट हे त्याचे प्रमुख नेते होते. कायद्याच्या दृष्टीने हा गुन्हा नव्हता, तर संपादन होते. परंतु इजा व भरपाई यांचा संबंध त्यातून स्पष्ट होतो. अनेक जमिनींची मालकी सावकारांकडे होती. त्यांतील बऱ्याच जणांना मोबदल्याची रक्कम मान्य होती. कसणाऱ्या मावळ्यांची घोषणा मात्र ‘जान किंवा जमीन’ अशी होती. ज्याच्या नावे हक्क नोंदलेला त्यास भरपाई मिळते, प्रत्यक्ष इजा सोसणारा बाहेर राहतो. तसेच न विचारता ठरविलेली रक्कम पुरेशी ठरत नाही, हे दोन्ही बोध गुन्हापीडितांच्या बाबतीतही लागू पडतात. आजही धरणामागील खेड्यातील पीडितास पौडचे पोलीस ठाणे आणि गंभीर गुन्ह्यांत पुण्याचे सत्र न्यायालय गाठावे लागते. त्याचा वेळ, मजुरी व प्रवासखर्च यांचा हिशेब निकालपत्रात सहसा येत नाही.

भारतीय कायदा : फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने पीडिताची व्याख्या व राज्य भरपाई योजनेची तरतूद घालण्यात आली, ती ३१ डिसेंबर २००९ पासून अंमलात आली. गुन्हेगाराचा शोध न लागला तरी पीडितास या योजनेखाली भरपाई मागता येते, ही तिची महत्त्वाची बाजू होय. अंकुश शिवाजी गायकवाड खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने, प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणे न्यायालयांवर बंधनकारक ठरविले. महाराष्ट्राने २०१३ मध्ये बलात्कार व ॲसिडहल्ल्याने पीडित स्त्रिया व बालके यांच्यासाठी मनोधैर्य योजना आणि २०१४ मध्ये पीडित भरपाई योजना केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार पोलिसांनी तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीस वा पीडितास कळवावयाची असते.

मर्यादा : समेट हा पीडिताच्या मुक्त संमतीवर आधारलेला असावा लागतो. गावातील सबळ पक्षाने दुर्बलास ‘मिटवून टाक’ असे सांगणे म्हणजे पुनःस्थापना नव्हे, तर दुसरी इजा होय. म्हणूनच बलात्कारासारख्या गुन्ह्यांत तडजोडीस वाव नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. क्षमा करणे हे पीडिताचे कर्तव्य नव्हे. तो त्याचा अधिकार आहे आणि नकार देण्याचा अधिकारही त्यातच अंतर्भूत आहे. भारतात भरपाईचा मार्ग कायद्याने बराच विस्तारला असला, तरी प्रौढ गुन्हेगार व पीडित यांची प्रशिक्षित मध्यस्थामार्फत समोरासमोर भेट घडविणारी व्यापक व्यवस्था अद्याप उभी राहिलेली नाही. पैसा मिळतो, पण ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळत नाही.