गिअरच्या दांड्याचें दुखणें

गेल्या वर्षीं ऐन मे महिन्यांत आमची जुनी प्रीमियर पद्मिनी वर्ध्यास बजाज चौकाजवळ भर रहदारींत अडून राहिली. इंजिन चालू होतें, पेट्रोल होतें. पण गिअरचा दांडा दुसऱ्या व तिसऱ्या गिअरच्या मध्यें कोठें तरी अडकला, तो पुढें जाईना कीं मागें येईना. त्यापूर्वीं महिनाभर उतारावर तिसरा गिअर आपोआप निसटत असे. तिकडे आम्हीं दुर्लक्ष केलें होतें. गाडी ओढीत एका कारखान्यांत नेली. तेथील मिस्त्रींनीं दांडा दोनदां हलविला आणि गाडीखालीं न वाकतांच निकाल दिला कीं, गिअरपेटी गेली, ती उतरवून उघडावी लागेल. सांगितलेला खर्च घरच्या एका महिन्याच्या मिळकतीहून अधिक होता. त्या रात्रीं घरांत गाडी मोडींत घालण्याची भाषा सुरू झाली.

ही गाडी मूळची इटलीच्या फियाट ११०० च्या घराण्यांतील. शेठ वालचंद हिराचंद यांनीं सन १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार होई. १९७४ च्या सुमारास तिला पद्मिनी हें नांव मिळालें व २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईंतील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. अर्थात् या गाड्यांतील रबर व नायलॉन आतां म्हातारें झालें आहे. आपल्याकडील उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो; त्या उष्णतेनें रबर कठीण होऊन तडकतें, आणि आपल्या रस्त्यांवरील धूळ वंगणांत मिसळली म्हणजे तें वंगण कानशीचें काम करूं लागतें.

हल्लींच्या बहुतेक मोटारींत गिअरचा दांडा जमिनींतून वर आलेला असतो. पद्मिनींत मात्र तो सुकाणूच्या खांबावर, चालकाच्या डाव्या हाताशीं असतो. त्यास दोन हालचाली आहेत. आपल्याकडे ओढल्यानें अथवा पलीकडे लोटल्यानें गिअरची जोडी निवडली जाते. वर किंवा खालीं फिरविल्यानें त्या जोडींतील एक गिअर पडतो. ह्या हालचाली खांबाच्या तळाशीं असलेल्या लहान भुजा व लोखंडी दांडे यांच्या द्वारें पेटीपर्यंत पोंचतात. प्रत्येक सांध्यांत एक लहानसें बुश असतें. हात व पेटी यांच्यामध्यें असे पांच-सहा सांधे येतात, आणि सारें दुखणें बहुधा तेथेंच असतें.

येथें थोडें गणित करून पाहूं. समजा, गिअर पुरा पडण्यासाठीं पेटींतील कांट्यास ९ मिलिमीटर सरकावयाचें आहे. सहा सांध्यांपैकीं प्रत्येक अर्धा मिलिमीटर झिजला, तर ३ मिलिमीटर वाटेंतच हरवले. हातास वाटतें गिअर पडला. प्रत्यक्षांत दांते दोन-तृतीयांशच गुंतलेले असतात. उतारावर पाय उचलला म्हणजे ते निसटतात. एकाही सांध्याकडे बोट दाखवून हाच अपराधी असें म्हणतां येत नाहीं. सर्वांनीं मिळून चोरी केलेली असते.

ही गोष्ट आम्हांस समजावून दिली ती एका वृद्ध मिस्त्रीकाकांनीं. त्यांचें आयुष्य एस. टी. च्या आगारांत गेलें आहे. त्यांनीं प्रथम इंजिन बंद करविलें, चारही चाकांस दगड लावविले. इंजिन बंद असतांना गिअर सहज पडतात आणि चालू असतांनाच खरखर करतात, तर दोष क्लचचा. पण आमच्या गाडींत बंद इंजिनावरही दांडा अडत होता. मग त्यांनीं बॉनेट उघडून आंतील दोन्ही भुजा हातानें सारख्या रेषेंत आणल्या, आणि अडकलेला दांडा तत्काळ सुटला! पुढें आम्हांस आंत बसवून दांडा सावकाश हलवावयास सांगितलें व स्वतः खालीं पाहत राहिले. एक भाग हलतो आणि त्यास जोडलेला दुसरा स्वस्थ राहतो, तेथें झीज. अशा चार जागा सांपडल्या. शेवटीं दांडे सोडवून त्यांनीं पेटीवरील भुजाच हातानें फिरविली. प्रत्येक गिअर टक् आवाज करून पडला. काका म्हणाले, “पेटी काई नाई बिघडली भाऊ, हे सांधे खेळून रायले.” तो टक् आवाज आला नसता, तर मात्र पेटी उघडणें भागच होतें, हें सांगण्यासही ते विसरले नाहींत.

इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसतें त्यांपैकीं एक फाटली होती. त्यामुळें उतारावर इंजिन डुलून दांड्यास हिसका देई, हेंही तेव्हांच उमगलें.

सुटे भाग नागपुराहून येईपर्यंत गाडी दारांत उभी होती. मुलें म्हणूं लागलीं, बैल जुंपा! ही थट्टा वर्ध्यास नवी नव्हे. जमनालालजी बजाज यांच्या येथील फोर्ड गाडीस बैल जुंपीत व गांधीजी विनोदानें तीस ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, असें जुने लोक सांगतात. इंग्रजींत ऑक्स म्हणजे बैल. त्या गाडीस गिअरची विवंचना नसावी.

नवीं बुशें, एक रबरी गादी, थोडें स्वच्छ ग्रीस आणि अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढ्यावर काम भागलें. शेवटीं दांडा मोकळ्या जागेंत धरून लोखंडी दांड्यांची लांबी नटानें नीट जुळविली. हें राहून गेलें तर नवीं बुशेंही व्यर्थ जातात. सायंकाळीं पवनारपर्यंत फेरी केली. धाम नदीच्या पुलाकडे उतरतांना आम्हीं मुद्दाम तिसऱ्या गिअरवर पाय उचलला. गिअर जागचा हलला नाहीं. गाडी चालत असतांना पहिला गिअर घातला तर तो अजूनही गुरगुरतो. पण अशा जुन्या पेट्यांत पहिल्या गिअरची गति जुळवून देणारी योजना मुळांतच नसते. गाडी थांबवूनच तो घालावयाचा असतो.