चोवीस अंश, पण कुठले?

एसी वीसच्या खाली जाऊ द्यायचा की नाही, यावर एव्हाना प्रत्येकाचं मत तयार आहे. केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी जून २०२५मध्ये २० ते २८ अंशांच्या मर्यादेचं सूतोवाच केलं आणि ‘सरकार आता बेडरूममध्ये शिरणार’पासून ‘बरी जिरली ऑफिसवाल्यांची’पर्यंत सगळं बोलून झालं. तापमान एक अंशाने वाढवलं की सहा टक्के वीज वाचते, हा ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेबही आता सगळ्यांना पाठ आहे. पण ही सगळी चर्चा रिमोट हातात धरून चालली आहे. घरात रिमोट आपला, बिलही आपलंच, त्यामुळे चोवीस म्हटलं की साधारण चोवीस. ऑफिसात, मॉलमध्ये, इस्पितळात भिंतीवरच्या डबीत दिसणारा चोवीस बऱ्याचदा त्या डबीपुरताच खरा असतो.

स्टार लेबलचा रूम एसी सुरू केला की तो आपणहून २४वर यावा, हा नियम १ जानेवारी २०२०पासून आहे. तो लागू आहे तो साधारण तीन टनांपर्यंतच्या यंत्रांना. मोठ्या इमारतीत गच्चीवर किंवा तळघरात चिलर असतो, तिथून गार पाण्याचे पाइप मजल्यामजल्यावर जातात आणि फॉल्स सीलिंगवर लपलेली फॅन कॉइल युनिटं त्या पाण्यावरून हवा फिरवतात. कोणत्या युनिटमध्ये पाणी सोडायचं आणि पंखा किती जोरात फिरवायचा, हे ठरवतो तो भिंतीवरचा थर्मोस्टॅट. म्हणजे कोट्यवधी रुपयांचा प्लँट शेवटी चारपाच हजारांच्या डबीच्या सांगण्यावरून चालतो. आणि ती डबी बसवायला येतो काम संपत आल्यावर धावतपळत आलेला एक वायरमन, तेही रंगारी भिंत सोडायला तयार नसताना.

जागा कुठली, इथपासूनच गोंधळ सुरू होतो. जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, आतल्या भिंतीवर, ऊन लागणार नाही, दार उघडल्यावर बाहेरचा झोत येणार नाही आणि वरच्या ग्रिलमधली गार हवा थेट अंगावर पडणार नाही अशा ठिकाणी, इतकं साधं पथ्य आहे. प्रत्यक्षात इंटिरिअर डिझायनरला ती डबी डोळ्यांत खुपते. मग ती जाते खांबामागे, कपाटाच्या कडेला, नाहीतर झेरॉक्स मशीनच्या डोक्यावर. मशीनच्या उष्णतेने तिला सतत उकडत असतं, म्हणून ती गार पाणी मागत राहते आणि तिच्यासाठी अख्खी ओळ शाली पांघरून काम करते.

जागा बरोबर असूनही फसगत होते, आणि ती पाहायची असेल तर डबी उघडून मागे पाहावं. फॉल्स सीलिंगमधून भिंतीत उतरलेला वायरींचा कंड्यूट थेट डबीच्या पाठीशी येऊन संपतो. त्याचं तोंड उघडंच ठेवलेलं असतं. सीलिंगवरची हवा त्या नळीतून खाली येते आणि सेन्सरच्या पाठीला लागते. खोलीतल्या माणसांना काय होतंय याचा त्या सेन्सरला पत्ताच नसतो, तो सीलिंगचं तापमान मोजत बसतो. चिमूटभर पुट्टीने नळी बुजवली की काम झालं. पण ती पुट्टी कुणाच्याच बिलात नसते. एसीवाला म्हणतो कंड्यूट इलेक्ट्रिकलवाल्याचा, इलेक्ट्रिकलवाला म्हणतो डबी एसीवाल्याची.

आता वायरी. जुना थर्मोस्टॅट म्हणजे नुसती कळ होती. धातूची पट्टी वाकली की सर्किट जोडलं, सरळ झाली की तुटलं. त्यामुळे जुन्या इमारतींत भिंतीपर्यंत फेज आलेला असतो, न्यूट्रल नसतो. नव्या प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटला स्क्रीन आहे, घड्याळ आहे, त्यामुळे त्याला स्वतःला चोवीस तास वीज लागते. घाईत असलेला वायरमन मग शेजारच्या दिव्याच्या बोर्डातून न्यूट्रल उसना घेतो. डबी लगेच उजळते आणि सगळे खूश होतात. पुढे कधीतरी आरसीसीबी कारण नसताना पडू लागतो, किंवा दुरुस्तीला आलेला माणूस एसीचा एमसीबी पाडून निर्धास्तपणे हात घालतो आणि दिव्यांच्या सर्किटच्या त्या न्यूट्रलमधून त्याला झटका बसतो. नवी वायर ओढणं हाच खरा उपाय, आणि नेमकं तेच टाळलं जातं.

दुसरी गल्लत व्होल्टेजची. बाजारात २३० व्होल्टचे थर्मोस्टॅट मिळतात आणि २४ व्होल्टचेही, दिसायला भाऊभाऊ. चोवीसवाल्याला दोनशेतीस दिले की तो तिथल्या तिथे जातो. निदान लगेच कळतं तरी. तिसरी गल्लत मात्र वर्षानुवर्षं कळत नाही. बरेच थर्मोस्टॅट थंड देशांचाही विचार करून बनवलेले असतात, त्यांत कूलिंग आणि हीटिंग दोन्हींची सोय असते. व्हॉल्व्हची वायर चुकून हीटिंगच्या टर्मिनलला गेली, किंवा आतलं सेटिंग हीटिंगवर राहिलं, की खोली तापल्यावर गार पाणी बंद होतं आणि गारठल्यावर सुरू होतं. असल्या युनिटखाली बसणाऱ्यांची तक्रार नोंदवहीत ‘कूलिंग प्रॉब्लेम’ म्हणून जाते आणि कुणीतरी येऊन फिल्टर धुऊन जातो. म्हणून जाणकार वायरमन जुनी डबी काढण्याआधी प्रत्येक वायरीला नंबरचा फेरूल चढवतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि एमसीबी पाडल्यावरही मीटर लावून खात्री करतो. वायरीच्या रंगांवर तो विसंबत नाही, आधीच्याने लाल वायर न्यूट्रलला वापरलेली असू शकते. डक्टेबल युनिट असेल तर कॉम्प्रेसरचा भार थर्मोस्टॅटच्या इवल्याशा रिलेवर न टाकता मध्ये कॉन्टॅक्टर घालतो आणि बंद झालेला कॉम्प्रेसर निदान तीन मिनिटं पुन्हा सुरू होणार नाही, हे पाहतो.

या डबीचा जन्मही अशाच वैतागातून झाला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी शिक्षक घडवणाऱ्या सरकारी कॉलेजात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. थंडीत तिथला शिपाई दर थोड्या वेळाने वर्गात यायचा, गरम होतंय की गार ते पाहायचा आणि तळघरात जाऊन उष्ण हवेच्या झडपा कमीजास्त करायचा. शिकवताना मध्येच दार उघडलेलं कोणत्या मास्तरांना आवडेल? जॉन्सननी दोन धातूंची पट्टी आणि पारा यांची जुळणी करून एक यंत्र भिंतीवर लावलं. तापमान बदललं की खाली तळघरात घंटी वाजायची आणि शिपाई झडप हलवायचा. १८८३मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं, १८८५मध्ये मिलवॉकीत कंपनी निघाली. तीच आजची जॉन्सन कंट्रोल्स. मला यातलं कौतुकाचं वाटतं ते वेगळंच. त्यांचा पहिला थर्मोस्टॅट स्वतः काहीच बंद-चालू करत नव्हता. तो खाली बसलेल्या एका माणसाला सांगत होता, आणि त्या माणसाला झडप कुठली, वर्ग कुठला हे ठाऊक होतं. आपण यंत्र ठेवलं आणि तो माणूस काढून टाकला.

नाहीतर डबीतलं वेळापत्रक पाहा. ‘प्रोग्रॅमेबल’ म्हणून जे विकलं जातं, त्यातल्या स्वस्त मॉडेलांचा आठवडा पाच अधिक दोन असा असतो. सोमवार ते शुक्रवार एक वेळ, शनिवार-रविवार दुसरी. राज्य सरकारी कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२०पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यांचं त्यात भागतं. बँकांचं काय? सप्टेंबर २०१५पासून त्यांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, बाकीचे शनिवार चालू. हे त्या डबीला सांगायची सोयच नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतली गुरुवारची सुट्टी तर तिच्या स्वप्नातही नसते. मग कुणीतरी वैतागून ‘होल्ड’चं बटण दाबतो आणि वेळापत्रक कायमचं झोपी जातं. केंद्राच्या ईसीबीसी २०१७ या संहितेने हे ओळखलेलं आहे. जोडभार १०० किलोवॉट किंवा त्याहून जास्त असलेल्या इमारतींसाठीची ही संहिता सांगते, की घड्याळात आठवड्यातल्या तीन प्रकारच्या दिवसांची वेगवेगळी वेळापत्रकं बसली पाहिजेत, वीज गेली तरी दहा तास ती टिकली पाहिजेत आणि कुणी उशिरा थांबलं तर दोन तासांपुरतं हाताने चालू करता आलं पाहिजे. दुसऱ्या-चौथ्या शनिवारचा घोळ त्यानेही सुटत नाही, पण ‘होल्ड’ दाबण्यापेक्षा बरं. पंचवीस पानी टेंडरमध्ये एवढी एक ओळ घालायला काय हरकत आहे?

मुंबईत आणखी एक भानगड आहे, दमटपणाची. बहुतेक थर्मोस्टॅट फक्त तापमान मोजतात. चोवीस झाले की व्हॉल्व्ह बंद होतो, पंखा फिरतच राहतो आणि कॉइलवर साचलेला ओलावा पुन्हा खोलीत येतो. जुलैत चोवीस अंशांवरही अंग चिकचिकतं ते यामुळे. मग माणूस अठरावर बोट नेतो. अठरा केल्याने खोली लवकर गार होत नाही, लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबल्यावर लिफ्ट लवकर येत नाही तसंच. फक्त खोली नको तितकी गार होईपर्यंत एसी थांबत नाही. इथे पंखाही व्हॉल्व्हबरोबर मंदावेल अशी जोडणी किंवा आर्द्रता मोजणारा सेन्सर, हे उपाय आहेत. वीस-अठ्ठावीसच्या वादात त्यांचं नाव मी तरी ऐकलं नाही.

अमेरिकेतल्या ऑफिसांत कशालाच न जोडलेले, नुसते समाधानापुरते थर्मोस्टॅट लावले जातात, अशी बातमी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २००३ साली छापली होती. आपल्याकडे मुद्दाम तसं करायची गरज फारशी पडत नाही. कुलूपबंद प्लास्टिकच्या खोक्यातली डबी, किल्ली सुरक्षारक्षकाकडे आणि सेटिंगचा पासवर्ड केव्हाच निघून गेलेल्या ठेकेदाराकडे, ही व्यवस्था तेच काम करते. शिवाय अनेक इमारतींत भाडेकरू एसीचे पैसे चौरस फुटावर भरतो. अंश वाढवून वाचलेली वीज कुणाच्या खिशात जाणार हेच ठरलेलं नसेल, तर डबीकडे लक्ष कोण देणार?

ऊर्जा मंत्रालयाने किमान तापमान जरूर ठरवावं. पण त्याबरोबर इमारत ताब्यात देताना ठेकेदाराकडून एक कागद लिहून घ्यायला लावावा. कोणता थर्मोस्टॅट कोणत्या युनिटला जोडला आहे, सेन्सर कुठे आहे, कंड्यूट बुजवला का, पासवर्ड काय, आणि टेबलाजवळ धरलेल्या साध्या थर्मामीटरवर किती आले. खाली इलेक्ट्रिकलवाला आणि एसीवाला, दोघांच्याही सह्या.