बुडालेल्या गावाचे दोन प्रतिनिधी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यात, डनिच नावाचे एक लहानसे खेडे आहे. थोडी घरे, एका जुन्या मठाच्या पडक्या भिंती आणि समोर समुद्र, एवढेच आज तेथे दिसते. मध्ययुगात मात्र हेच गाव एक भरभराटीचे बंदर होते. १२९८ पासून ते पार्लमेंटमध्ये दोन प्रतिनिधी पाठवू लागले आणि हा हक्क १८३२ पर्यंत टिकून राहिला. दरम्यान गावाचा बहुतेक भाग समुद्राने गिळला होता. तरीही प्रतिनिधींची संख्या दोनावरून एकावर आली नाही. सुंभ जळाला तरी पीळ कायम राहावा, तसा हा प्रकार होता.

१२८६ पासून एकामागून एक आलेल्या वादळांनी डनिचच्या किनाऱ्याचे लचके तोडले. १३२८ च्या वादळाने बंदराचे मुख वाळूगोट्यांनी बुजले आणि त्याबरोबर व्यापारही गेला. मग रस्ते, बाजार आणि चर्चच्या इमारती क्रमाक्रमाने लाटांखाली गेल्या. ऑल सेंट्स या शेवटच्या जुन्या चर्चचा मनोराही १९१९ मध्ये कड्यावरून कोसळला. माणसे गेली, घरे गेली. मात्र राजाने दिलेली सनद शाबूत राहिली. त्या काळच्या इंग्लंडात प्रतिनिधित्व माणसांच्या संख्येवर नव्हे, तर सनदेवर अवलंबून होते. साहजिकच गावाचा ऱ्हास झाला म्हणून त्याच्या जागा कमी कराव्यात, असे कायद्याला कधी वाटले नाही.

रिकाम्या गावाचा हक्क मात्र बेवारस राहत नाही. त्याला धनी मिळतोच. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सर जॉर्ज डाउनिंग हे येथील प्रतिनिधी होते. लंडनची डाउनिंग स्ट्रीट ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्यांचे हे नातू. १७१० ते १७१५ आणि पुन्हा १७२२ पासून १७४९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते डनिचचे प्रतिनिधी राहिले. त्यांच्या संपत्तीतून पुढे केंब्रिजचे डाउनिंग कॉलेज उभे राहिले. त्यांच्यानंतर मतदारसंघाची सूत्रे बार्न आणि व्हॅनेक या दोन जमीनदार घराण्यांकडे गेली. १७६४ पासून १८३२ पर्यंत एक जागा सतत बार्न घराण्यातच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी येथे मतदार होते तिसाच्या आसपास आणि १८३१ मध्ये गावाची सारी लोकसंख्या अडीचशेहूनही कमी होती. मतदान उघड होत असे. जमीनदाराच्या नजरेसमोर त्याच्याविरुद्ध मत देण्याची छाती कोण करणार?

याच सुमारास लाखाहून अधिक वस्तीच्या मँचेस्टरला स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. तेथे १८१९ साली सुधारणेच्या मागणीसाठी जमलेल्या प्रचंड सभेवर घोडेस्वार घालण्यात आले आणि अनेकांचे बळी गेले. जुन्या व्यवस्थेचे समर्थक म्हणत की, सभासद एका गावाचा नसून साऱ्या राष्ट्राचा असतो. शिवाय अशा मतदारसंघांतूनच बुद्धिमान तरुणांना पार्लमेंटची दारे उघडतात. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. भारतीयांना परिचित असलेले मेकॉले १८३० मध्ये एका सरदाराच्या हातातील काल्न या मतदारसंघातूनच निवडून आले होते. तथापि त्याच मेकॉलेंनी पार्लमेंटमध्ये सुधारणा विधेयकाचा जोरदार पुरस्कार केला. गुणी माणूस सरदाराच्या मर्जीने निवडून आला, तरी मर्जी ही लोकांची संमती ठरत नाही.

मार्च १८३१ मध्ये विधेयकाचे दुसरे वाचन ३०२ विरुद्ध ३०१ अशा अवघ्या एका मताने संमत झाले. ऑक्टोबरमध्ये उमरावांच्या सभेने ते फेटाळले, तेव्हा ब्रिस्टल आणि नॉटिंगहॅम येथे दंगली उसळल्या. अखेर जून १८३२ मध्ये कायदा झाला. डनिचसह ५६ नगरांच्या जागा संपूर्णपणे रद्द झाल्या आणि मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स यांना प्रतिनिधी मिळाले. वर्षअखेरीच्या निवडणुकीत मेकॉले लीड्समधूनच निवडून आले. अर्थात या कायद्याने कामगाराला मत दिले नाही आणि स्त्रियांना तर नाहीच. गुप्त मतदानासाठी १८७२ आणि स्त्रियांच्या समान मताधिकारासाठी १९२८ साल उजाडावे लागले.

डनिचचे नवल गाव बुडाले यात नाही. समुद्र कोणाचे ऐकत नाही. नवल हे की, डोळ्यांदेखत घडलेला हा बदल कायद्याच्या नजरेस येण्यास पाच शतके लागली. त्याचे कारणही उघड आहे. जागा रद्द करण्याचा अधिकार ज्या सभेला होता, तिच्यातच त्या जागांचे लाभार्थी बसलेले होते. आपल्या पायाखालची फळी कोणी आपण होऊन काढून घेत नाही. म्हणूनच ब्रिटनने १९४४ मध्ये मतदारसंघांच्या सीमांचा वेळोवेळी फेरविचार करण्यासाठी कायमस्वरूपी आयोग नेमण्याची तरतूद केली. आज डनिच हे सफोक कोस्टल मतदारसंघातील एक खेडे आहे आणि त्याच्या मताला शेजारच्या गावाइतकीच किंमत आहे. प्रतिनिधित्व एकदा देऊन भागत नाही. माणसे कोठे राहतात, हे पुन्हा पुन्हा मोजावे लागते. ते मोजणे थांबले की लोकांचा हक्क कागदावर उरतो आणि तो कागद अखेर कोणाच्या तरी खिशात जातो.