संकेतस्थळ दोषनिदान

इंटरनेटवरील एखादे संकेतस्थळ संगणकावर किंवा मोबाइल फोनवर उघडत नसल्यास दोष नेमका कोठे आहे, हे एकेक शक्यता वगळत निश्चित करण्याची पद्धती. पान पडद्यावर न येणे हे लक्षण एकच असले, तरी त्याची कारणे अनेक असतात. दोष वापरणाऱ्याच्या उपकरणात, घरातील अथवा कार्यालयातील जोडणीत, सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या जाळ्यात, नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत किंवा संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते त्या सर्व्हरमध्ये असू शकतो. यांपैकी पहिल्या दोन ठिकाणचे दोष बहुधा स्वतः दूर करता येतात. इतर ठिकाणचे दोष संबंधितांना कळवून वाट पाहावी लागते. त्यामुळे दोष कोणाच्या बाजूचा आहे हे ठरविणे, ही निदानाची पहिली पायरी होय. प्रवेशअर्ज, परीक्षेची आवेदनपत्रे, करभरणा, जमिनीचे उतारे, रेल्वेची आरक्षणे इ. व्यवहार संकेतस्थळांद्वारे होऊ लागल्यापासून या निर्णयास मोठे व्यावहारिक महत्त्व आले आहे. मुदतीच्या अखेरच्या दिवशी चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करण्यात गेलेले दोन तास विद्यार्थ्याचे वर्ष वाया घालवू शकतात.

पान उघडण्याची क्रिया : संकेतस्थळाचे नाव ब्राउझरमध्ये लिहिल्यापासून पान दिसेपर्यंत पुढील पाच टप्पे पार पडतात : (१) नावावरून सर्व्हरचा अंकात्मक पत्ता शोधला जातो. (२) त्या पत्त्याशी जोडणी प्रस्थापित होते. (३) सर्व्हर आपले सुरक्षा-प्रमाणपत्र दाखवितो व ब्राउझर ते तपासतो. (४) ब्राउझर पानाची मागणी करतो आणि सर्व्हर त्यास उत्तर देतो. (५) पानातील चित्रे, आज्ञावल्या, अक्षरवळण इ. भाग स्वतंत्रपणे मागवून पान रचले जाते. प्रत्येक टप्पा आधीचा टप्पा यशस्वी झाल्यावरच सुरू होतो. म्हणून पडद्यावरील संदेश बारकाईने वाचल्यास क्रिया कोणत्या टप्प्यावर अडली हे समजते. ‘नाव सापडले नाही’ असा संदेश पहिल्या टप्प्यातील, ‘वेळ संपली’ किंवा ‘जोडणी नाकारली’ हा दुसऱ्या, ‘जोडणी सुरक्षित नाही’ हा तिसऱ्या, तर तीन अंकी सांकेतिक क्रमांक असलेला संदेश बहुधा चौथ्या टप्प्यातील दोष दर्शवितो.

प्राथमिक चाचण्या : कोणतीही मांडणी बदलण्यापूर्वी तीन सोप्या चाचण्या कराव्यात. पहिल्या चाचणीत त्याच उपकरणावर दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. हे संकेतस्थळ अलीकडे न पाहिलेले असावे. कारण पूर्वी पाहिलेल्या पानाची प्रत ब्राउझर साठवून ठेवतो व जोडणी बंद असतानाही ती दाखवू शकतो. दुसऱ्या चाचणीत तेच संकेतस्थळ त्याच जोडणीवरील दुसऱ्या उपकरणावर उघडावे. तिसऱ्या चाचणीत ते वेगळ्या जोडणीवरून, उदा., घरातील वाय-फाय बंद करून मोबाइल कंपनीच्या जाळ्यावरून उघडावे. एकही संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष जोडणीत किंवा उपकरणात असतो. एकच संकेतस्थळ सर्व उपकरणांवर व दोन्ही जोडण्यांवर अडत असेल, तर तो बहुतेक सर्व्हरच्या बाजूचा असतो. ते एका जोडणीवर उघडते व दुसरीवर नाही, असे आढळल्यास मार्ग, नामयंत्रणा किंवा घातलेला प्रतिबंध यांचा विचार करावा. एकाच उपकरणावर अडत असल्यास त्यातील ब्राउझर, घड्याळ आणि सुरक्षा-आज्ञावली तपासाव्यात.

जोडणीतील दोष : वाय-फायची खूण दिसणे म्हणजे इंटरनेट चालू असणे नव्हे. ही खूण उपकरण व राउटर यांमधील संबंध दाखविते. राउटरपासून पुढचा मार्ग बंद असला, तरी ती तशीच राहते. राउटर प्रत्येक उपकरणास एक अंकात्मक पत्ता देतो. उपकरणाचा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असल्यास राउटरकडून पत्ता मिळालेला नाही व उपकरणाने तो स्वतःच ठरवून घेतला आहे, असे समजावे. राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा चालू केल्यास अनेकदा दोष नाहीसा होतो. राउटरच्या स्मृतीत साचलेल्या जुन्या नोंदी त्यामुळे पुसल्या जातात आणि सेवा देणाऱ्या कंपनीशी नव्याने जोडणी होते. हॉटेल, विमानतळ, रेल्वे स्थानक अशा सार्वजनिक ठिकाणी आधी नोंदणीचे पान भरावे लागते. ते भरेपर्यंत इतर संकेतस्थळे उघडत नाहीत किंवा सुरक्षेचा इशारा देतात.

नामयंत्रणेतील दोष : संगणक एकमेकांना नावांनी ओळखत नाहीत, तर अंकात्मक पत्त्यांनी ओळखतात. प्रारंभी सर्व नावे व पत्ते यांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जात असे व इतर संगणक तिची प्रत घेत. जाळे वाढल्यावर ही पद्धत अपुरी पडू लागली. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये विकेंद्रित नामयंत्रणेचा आराखडा मांडला. तीत नावाच्या प्रत्येक भागाची जबाबदारी निरनिराळ्या सर्व्हरांकडे असते आणि मिळालेले उत्तर ठराविक काळ साठवून ठेवले जाते. या साठवणीमुळे शोध जलद होतो. मात्र संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलविल्यास काही वाचकांना काही तास जुनाच पत्ता मिळत राहतो. ‘असे नाव नाही’ हे उत्तरही काही काळ साठविले जाते. त्यामुळे दोष दूर झाल्यावरही एखाद्याला लगेच पान दिसत नाही. उपकरणातील ही साठवण पुसण्याची सोय असते. सेवा कंपनीचा नामसर्व्हर बंद असल्यास १.१.१.१ किंवा ८.८.८.८ यांसारख्या सार्वजनिक नामसर्व्हरांचा उपयोग करून पाहता येतो. परंतु संस्थेच्या अंतर्गत जाळ्यापुरती असलेली नावे त्यांना ठाऊक नसतात.

नाव लिहिण्यातील चूक हे अगदी साधे परंतु वारंवार आढळणारे कारण आहे. ‘.भारत’ हे देवनागरी प्रत्यय असलेले नाव २०१४ पासून उपलब्ध झाले. त्यात ऱ्हस्वदीर्घाचा फरक पडला, तरी संगणकाच्या दृष्टीने ते निराळे नाव ठरते. देवनागरी नाव शोधापूर्वी रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात बदलले जाते. हे रूपांतर न जाणणाऱ्या जुन्या आज्ञावलींत असे नाव उघडत नाही.

मार्गातील दोष : माहिती लहान पुडक्यांच्या रूपाने अनेक राउटरांमधून प्रवास करते. मार्ग तपासण्यासाठी ‘पिंग’ व ‘ट्रेसरूट’ या आज्ञावली वापरतात. ‘पिंग’ ही माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये तयार केली. ती दूरच्या संगणकाकडे एक पुडके पाठवून त्याचे उत्तर येण्यास लागलेला वेळ मोजते. ‘ट्रेसरूट’मध्ये पुडक्याला किती राउटर ओलांडण्याची मुभा आहे, ती संख्या एकापासून वाढवीत नेतात. मुभा संपली की त्या ठिकाणचा राउटर तसे कळवितो आणि त्यावरून मार्गातील टप्प्यांची यादी मिळते. या चाचण्यांचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगावी लागते. अनेक सर्व्हर व राउटर अशा पुडक्यांना मुद्दाम उत्तर देत नाहीत. म्हणून उत्तर न येणे हा यंत्र बंद असल्याचा पुरावा ठरत नाही. उलट, उत्तर आले तरी पान उघडेलच असे नाही. मार्गातील एखादा दुवा मोठी पुडकी पुढे जाऊ देत नसेल, तर लहान चाचणी यशस्वी होते व पान मात्र अर्ध्यावर अडकते.

मार्गातील दोष कधीकधी हजारो किलोमीटर दूर असतो. जानेवारी २००८ अखेरीस ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालील दोन केबली तुटल्या. पश्चिम आशिया व भारत यांचा यूरोपशी होणारा संदेशवहनाचा मोठा भाग या केबलींवर अवलंबून होता आणि त्या मुंबईस येऊन मिळत असल्याने भारतातील इंटरनेट सेवा कित्येक दिवस मंदावली. अशा वेळी देशातीलच सर्व्हरांवर असलेली संकेतस्थळे नीट उघडतात व परदेशातील अडखळतात. हा फरक निदानास उपयोगी पडतो.

सुरक्षा-प्रमाणपत्रातील दोष : प्रमाणपत्रावर नाव व मुदत नमूद असते. उपकरणाचे घड्याळ चुकलेले असल्यास वैध प्रमाणपत्रही मुदतबाह्य वाटते. जुन्या संगणकातील मंडलफलकावरचा लहान विद्युत घट संपला, की दर वेळी संगणक सुरू केल्यावर तारीख मागे जाते व जवळजवळ सर्व सुरक्षित संकेतस्थळे एकदम अडतात. घड्याळ बरोबर केल्यास हा दोष जातो. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या प्रमाणपत्रांना आधारभूत असलेल्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. तेव्हा अद्ययावत न केलेल्या जुन्या उपकरणांवर अनेक संकेतस्थळे उघडेनाशी झाली. घड्याळ बरोबर असूनही इशारा येत असल्यास तो डावलून पुढे जाऊ नये. बँक, कर किंवा परीक्षाशुल्क यांसंबंधीच्या पानावर असा इशारा आल्यास मध्येच कोणी बनावट सर्व्हर उभा केला असण्याची शक्यता असते.

सर्व्हरमधील दोष : सर्व्हरच्या उत्तरातील तीन अंकी क्रमांकाचा पहिला अंक महत्त्वाचा असतो. ४ ने सुरू होणारा क्रमांक मागणीत दोष असल्याचे, तर ५ ने सुरू होणारा क्रमांक सर्व्हरच्या बाजूला दोष असल्याचे दर्शवितो. ४०४ म्हणजे सर्व्हर चालू आहे, पण मागितलेले पान त्या पत्त्यावर नाही. ४०३ म्हणजे पाहण्यास परवानगी नाही. ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार मागण्या केल्या गेल्या. ४५१ म्हणजे कायदेशीर कारणास्तव पान दाखविता येत नाही. ५०० हा सर्व्हरच्या आज्ञावलीतील बिघाड, ५०२ व ५०४ हे मध्यस्थ सर्व्हरला मूळ सर्व्हरकडून अनुक्रमे योग्य उत्तर न मिळणे व वेळेत उत्तर न मिळणे, तर ५०३ हा सर्व्हरवर अतिभार असल्याचे किंवा देखभालीसाठी तो बंद असल्याचे दाखवितो. ५०३ आल्यावर पान पुनःपुन्हा मागविल्याने अतिभार वाढतो; काही मिनिटे थांबणे श्रेयस्कर असते.

मोठ्या संस्थांची संकेतस्थळेही यास अपवाद नाहीत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक कंपनीत देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे तिच्या माहितीकेंद्रांना जोडणारे जाळे तुटले. परिणामी तिच्या नामसर्व्हरांकडे जाणारे मार्ग जगाच्या नकाशावरून जणू पुसले गेले व फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद राहिली. भारतात तेव्हा रात्रीचे ९ वाजून गेले होते. वाचकांना दिसलेला संदेश नाव न सापडल्याचा होता. घरातील राउटर बंद-चालू करून काहीही साधणार नव्हते. त्याच वर्षी ८ जून रोजी पानांच्या प्रती जगभर साठवून पुरविणाऱ्या फास्टली या कंपनीच्या यंत्रणेत बिघाड झाला. ब्रिटिश शासनाचे आणि अनेक वृत्तपत्रांचे संकेतस्थळ सुमारे तासभर अडले. एका ग्राहकाने केलेल्या वैध बदलामुळे आज्ञावलीतील सुप्त दोष जागृत झाला होता.

ब्राउझरमधील दोष : पान अर्धवट दिसणे, कळ दाबल्यावर काही न होणे किंवा लॉगिननंतर पुन्हा पहिलेच पान येणे, ही लक्षणे बहुधा साठविलेल्या जुन्या प्रती व कुकी यांमुळे किंवा जाहिराती रोखणाऱ्या जोड-आज्ञावलींमुळे उद्भवतात. खाजगी खिडकीत पान नीट उघडले, तर हे निदान पक्के होते. कारण अशा खिडकीत जुनी साठवण वापरली जात नाही व जोड-आज्ञावलीही बहुतेक बंद असतात. मग त्या एका संकेतस्थळापुरती साठवण पुसावी. सर्व साठवण एकदम पुसल्यास इतर ठिकाणचे लॉगिनही नाहीसे होतात.

व्यवहारातील दक्षता : शुल्क भरताना पान अडल्यास लगेच दुसऱ्यांदा रक्कम भरू नये. आधी बँकखात्यातील नोंद व अर्जाची स्थिती पाहावी. अडलेल्या पानाचे चित्र, दिनांक, वेळ व सांकेतिक क्रमांक जपून ठेवावेत. मुदतीबाबत तक्रार करताना हाच पुरावा उपयोगी पडतो. तक्रारीत संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता, संदेशातील नेमके शब्द, जोडणीचा प्रकार व केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष द्यावेत. ‘चालत नाही’ एवढ्यावरून दोष शोधणे अभियंत्यास शक्य होत नाही. मदतीचा दूरध्वनी क्रमांक शोधून न काढता संस्थेच्या पावतीवरून किंवा पत्रावरून घ्यावा. कारण शोधात सापडणारे काही क्रमांक भामट्यांचे असतात. मदतीच्या नावाखाली आर्थिक फसवणूक झाल्यास भारतात १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे. तक्रार जितकी लवकर नोंदविली जाईल, तितकी रक्कम पुढे जाण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.